ओटीला पाठवायचा अधिकार नक्की कुणाचा? (टेक्सास, न्यूयॉर्क आणि एकूणच अमेरिका)

चिंचगुळ | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबलाय, आधीच सांगते. आम्ही ऑगस्टमध्ये क्वीन्सचं बिऱ्हाड हलवून डॅलसजवळ आलो. लेक सात वर्षांचा, दुसरीत आहे. पेन्सिल अजून मुठीत धरतो, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं, कॉलरचं लेबल टोचतं म्हणून रोज सकाळी रडारड. न्यूयॉर्कला शाळेत त्याची ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून द्यायची थेरपी; काहीजण व्यवसायोपचार म्हणतात पण घरी कोण म्हणतं) चालू होती आणि तिथे शाळा डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन मागायची. म्हणून इथे येताना मी फाईल घट्ट धरून आले, तर इथली शाळा म्हणाली कागद नको, आमची टीम ठरवेल. म्हटलं वा, टेक्सास बरं दिसतंय.

पण शाळेतली ओटी फक्त अभ्यासापुरती, बटणं आणि लेबलं घरचा प्रश्न. म्हणून प्रायव्हेट क्लिनिक गाठलं. ती बाई म्हणते तपासणी करू, पण रेफरल (पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी) आल्याशिवाय ट्रीटमेंट सुरू करता येणार नाही. मी म्हटलं इन्शुरन्स राहू दे, रोख देते. तरी नाही! दिवाळीत पुण्याला गेलो होतो तेव्हा तिथल्या बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांनी दोन पानी छान रिपोर्ट दिलाय, तो दाखवला, तर म्हणे इथल्या लायसन्सवाल्याची सही हवी. आमच्या पेडिॲट्रिशियनची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. आणि त्याच बिल्डिंगमध्ये खाली पीटीचं (फिजिओथेरपीचं) क्लिनिक आहे, त्याच्या काचेवर लिहिलंय की रेफरलशिवाय या!

तर हा नियम खरंच आहे का क्लिनिकवाले स्वतःच्या मनाने करतात? आणि रेफरल देऊ कोण शकतं? नवऱ्याचं म्हणणं त्याचा कायरोप्रॅक्टर (हाताने मणके-सांधे बसवणारा) देईल. मला हसू आलं पण आता विचारतेच.

---

डॅलसकर | मंगळवार, रात्री १०:४०

सगळा पैशाचा खेळ आहे ताई. डॉक्टरची एक व्हिजिट वाढली की कुणाचं तरी घर चालतं. रोख देताय तर दुसरं क्लिनिक शोधा, कुणीतरी करेलच.

---

नागपुरी_ओटी | मंगळवार, रात्री ११:२५

डॅलसकर भाऊ, "कुणीतरी करेलच" त्याचं लायसन्स जाईल ना. मी नागपूरला मेडिकलमधून ओटी केलं, आता बरीच वर्षं ह्यूस्टनला प्रॅक्टिस करते, म्हणून हे रोजचं आहे माझ्यासाठी.

चिंचगुळ, क्लिनिकवाली बरोबर आहे. टेक्सासच्या ऑक्युपेशन्स कोडमध्ये ओटीचा चॅप्टर आहे ४५४, त्यात साफ लिहिलंय की ओटी रेफरलशिवाय सल्ला देऊ शकतो, देखरेख ठेवू शकतो, गरज आहे का याची तपासणी करू शकतो. पण एखाद्या विशिष्ट हेल्थ कंडिशनसाठी प्रत्यक्ष ट्रीटमेंट सुरू करायची तर रेफरल लागतो. कुणाचा? फिजिशियन, डेंटिस्ट, कायरोप्रॅक्टर, पोडायट्रिस्ट (पायाचे डॉक्टर), किंवा ज्याच्या लायसन्समध्ये रुग्ण पुढे पाठवायचा अधिकार बसतो असा कुठलाही लायसन्सवाला हेल्थकेअर प्रोफेशनल. हो, कायरोप्रॅक्टर कायद्यात नावानिशी आहे, तेव्हा नवऱ्याला हसू नकोस 😄

रोखीचं म्हणशील तर हा नियम पैसे कोण देतं त्यावर नाहीच. तो माझ्या लायसन्सवर आहे. तू हजार डॉलर टेबलावर ठेवलेस तरी मला रेफरल हवाच.

आता शाळेला का नको? कारण टेक्सासच्या ओटी बोर्डाच्या नियमात मेडिकल आणि नॉन-मेडिकल असे दोन भाग आहेत. नॉन-मेडिकलला रेफरलची सक्ती नाही, आणि शाळेत टीमने शिक्षणासाठी ठरवलेली ओटी त्या बाजूला पडते. केस कुठल्या बाजूला पडते, रेफरल लागतो की नाही, हे ठरवायची जबाबदारी ओटीचीच. म्हणजे तुझा मुलगा तोच, बोटं तीच, पण सकाळी शाळेत अक्षरासाठी कागद नको आणि संध्याकाळी क्लिनिकमध्ये डायग्नोसिस लावून बटणासाठी आला की कागद हवा.

---

चिंचगुळ | मंगळवार, रात्री ११:३८

अगं देवा. म्हणजे क्लिनिकवालीला मी मनातल्या मनात जे बोलले ते परत घेते. पण मग न्यूयॉर्कच्या शाळेला का लागायचं?

---

सुमी_ब्रूकलिन | बुधवार, सकाळी ७:०५

न्यूयॉर्कचं मी सांगते, माझी मुलगी चार वर्षं त्यातच होती. इथे स्टेटच्या एज्युकेशन लॉमध्येच आहे (कलम ७९०१) की ओटीचा ट्रीटमेंट प्रोग्रॅम फिजिशियन, नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिकलेली, प्रिस्क्रिप्शन देऊ शकणारी नर्स) किंवा आपल्या स्कोपमध्ये काम करणाऱ्या इतर हेल्थकेअर प्रोव्हायडरच्या प्रिस्क्रिप्शन किंवा रेफरलवर द्यायचा. त्यात टेक्साससारखं मेडिकल नॉन-मेडिकल असं काही मला तरी दिसलं नाही, म्हणून शाळासुद्धा कागद मागते. आमच्या वेळी सप्टेंबर आला की शाळेची नर्स फॉर्म घरी पाठवायची आणि मी डॉक्टरच्या फ्रंट डेस्कला रोज फोन. एकदा डॉक्टरने सही केली पण तारीख टाकली नाही, तर तो कागद परत. पोरीची दोन आठवडे थेरपी बुडाली एका तारखेपायी. मी तेव्हापासून सही घेतल्यावर तिथेच उभी राहून तारीख बघते, डॉक्टर हसतात मला.

---

बिलिंगवाला | बुधवार, सकाळी ९:१५

जर्सीत राहतो, धंदा थेरपी क्लिनिक्सच्या बिलिंगचा. सुमीताईंच्या तारखेमागे काय आहे ते सांगतो, कारण तो स्टेटचा नियमच नाही, तो मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आहे. मुलाला मेडिकेड असेल तर शाळा ओटीचे पैसे मेडिकेडकडून वसूल करू शकते. आणि फेडरल मेडिकेडच्या नियमात ओटीची व्याख्याच अशी आहे की फिजिशियनने किंवा स्टेटच्या कायद्याप्रमाणे लायसन्स असलेल्या दुसऱ्या प्रॅक्टिशनरने प्रिस्क्राइब केलेली सेवा. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये ऑर्डर थेरपी सुरू व्हायच्या आधीच्या तारखेची लागते, नाहीतर ऑडिटमध्ये पैसे परत मागतात. शाळा घाबरून सगळ्यांकडूनच सारखा कागद घेतात.

खरं म्हणजे आयडिया नावाचा जो फेडरल कायदा आहे (मूळ १९७५ चा), ज्याच्याखाली आयईपी म्हणजे मुलाचा शाळेतला वैयक्तिक प्लॅन बनतो, त्यात ओटी ही रिलेटेड सर्व्हिस आहे आणि ती द्यायची का ते आयईपी टीम ठरवते. त्या टीममध्ये आईबापही बसतात हे विसरू नका. तो कायदा डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. आणि मेडिकेडला बिल लावायच्या आधी शाळेने पालकांची लेखी संमती घ्यायची असते. तुम्ही नाही म्हणालात तरी मुलाची ओटी शाळेला बंद करता येत नाही.

तर चिंचगुळ, "रेफरल लागतो का" असं विचारू नका, "कुणाला लागतो" विचारा. थेरपिस्टच्या लायसन्सला लागतो का, पैसे देणाऱ्याला लागतो का, का त्या संस्थेच्या पॉलिसीला लागतो. माझ्याकडे रोज दहा फोन येतात त्यातले आठ यातच अडकलेले. शिवाय लोक रेफरल, प्रिस्क्रिप्शन, ऑर्डर आणि ऑथरायझेशन हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतात. ऑथरायझेशन तर डॉक्टर देतच नाही, इन्शुरन्स देतं! फ्रंट डेस्कची पोरगी म्हणते तुमचं ऑथ आलं नाही, आई डॉक्टरला फोन करून भांडते, डॉक्टर म्हणतो मी तर गेल्या महिन्यात रेफरल दिला, आणि दोघंही खरं बोलत असतात.

---

पुदिना | बुधवार, सकाळी ९:५०

+१ बिलिंगवाला. हे वाचून मला आमच्या सोसायटीच्या एनओसीची आठवण झाली. दिवे घ्या.

---

खडूस_काका | बुधवार, दुपारी १२:२०

माझा प्रश्न वेगळा पण इथेच विचारतो. मी ७१, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) आहे. उजव्या हाताच्या अंगठ्याचा सांधा गेलाय, बरणीचं झाकण उघडत नाही, सौ. उघडते आणि वर बोलते. हँड थेरपी ओटीच करतात असं कळलं. माझा कायरोप्रॅक्टर चिठ्ठी देतो म्हणतोय आणि टेक्सासमध्ये चालतं असं वर वाचलं. मग देऊ का त्याची?

---

बिलिंगवाला | बुधवार, दुपारी १२:४५

काका थांबा!! नका देऊ. तीच तर गंमत आहे. टेक्सासचा कायदा कायरोप्रॅक्टर आणि डेंटिस्ट दोघांनाही रेफर करू देतो, पण मेडिकेअरच्या नियमात स्पष्ट आहे की कायरोप्रॅक्टर आणि डेंटिस्ट थेरपीसाठी रेफरही करू शकत नाहीत आणि प्लॅनवर सहीही नाही. म्हणजे थेरपिस्टचं लायसन्स सुरक्षित, पण बिल नामंजूर.

मेडिकेअरला खरं हवं असतं ते प्लॅन ऑफ केअरचं सर्टिफिकेशन. थेरपिस्ट तपासून प्लॅन लिहितो, त्यावर फिजिशियन, नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशॅलिस्ट किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट) सही करतो, आणि ते जास्तीत जास्त ९० दिवस चालतं, मग परत. पूर्वी डॉक्टरने रेफर केलं असलं तरी प्लॅनवर पुन्हा सही आणावी लागायची आणि आम्ही महिनोन् महिने फॅक्स करत बसायचो. १ जानेवारी २०२५ पासून एवढं सुधारलंय की सही आणि तारीख असलेली ऑर्डर फाईलला असेल आणि तपासणीनंतर ३० दिवसांत प्लॅन त्या डॉक्टरकडे पाठवल्याचा पुरावा असेल, तर पहिल्या प्लॅनवर वेगळी सही लागत नाही. पुढच्या वेळी मात्र लागते. ज्याने हा नियम आणला त्याला माझ्याकडून पुरणपोळी.

तुम्ही मेडिकेअर ॲडव्हांटेजवाले (म्हणजे खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घेणारे) असाल तर त्या कंपनीचं स्वतःचं नेटवर्क आणि ऑथरायझेशन वेगळं, कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करा.

---

खडूस_काका | बुधवार, दुपारी १:०२

वाचवलंस बाबा. फॅमिली डॉक्टरकडूनच घेतो. झाकणाचं तोपर्यंत सौ. बघेल.

---

चिंचगुळ | बुधवार, दुपारी ३:३०

काका 😂

मला अजून एक कळत नाहीये. खाली पीटीच्या काचेवर रेफरल नको लिहिलंय ते कसं? दोघंही थेरपिस्टच ना? त्यांच्यात काय एवढं?

---

नागपुरी_ओटी | बुधवार, रात्री ९:१०

हा माझा दुखरा दात आहे, थोडं लांबेल.

पीटीवाल्यांनी (फिजिओ म्हण) गेली कित्येक वर्षं एकेका स्टेटमध्ये जाऊन लढून डायरेक्ट ॲक्सेस, म्हणजे रेफरलशिवाय थेट पेशंट बघायचा अधिकार मिळवला. आज पन्नासही स्टेट्समध्ये कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तो आहे. पण बहुतेक ठिकाणी आत एक छोटी अट लपलेली असते. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून फिजिओ रेफरलशिवाय ट्रीट करू शकतो पण ठरावीक दिवसच. त्यानंतर रेफरल. कॅलिफोर्नियात २०१४ पासून ४५ दिवस किंवा १२ व्हिजिट, जे आधी होईल ते, मग डॉक्टरने बघून प्लॅनवर सही करायची. म्हणजे तुझ्या काचेवरची पाटी खरी आहे, पण थोड्या दिवसांपुरती खरी आहे.

ओटीचं तसं सरसकट काही झालं नाही. प्रत्येक स्टेटचा प्रॅक्टिस ॲक्ट वेगळ्या वर्षी, वेगळ्या लोकांनी, वेगळ्या भीतीने लिहिलेला. काही ठिकाणी कायद्यात रेफरलचा विषयच नाही, काही ठिकाणी न्यूयॉर्कसारखं सरळ प्रिस्क्रिप्शन, काही ठिकाणी टेक्साससारखं अर्धं अर्धं. आणि आम्ही ओटी मंडळीसुद्धा जरा मऊ आहोत, आमच्यातली बरीचशी शाळांत आणि हॉस्पिटलात नोकरी करतात, तिथे ऑर्डर येतेच, मग भांडायचं कुणी. हॉस्पिटलात तर फेडरल अट आहे की रिहॅबची ऑर्डर कोण देऊ शकेल ते तिथल्या मेडिकल स्टाफने ठरवायचं, त्यामुळे तिथे स्टेट कितीही मोकळं असलं तरी ऑर्डर लागतेच.

रेफरल अजिबात नकोच असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाई हातातल्या वस्तू पडतात म्हणून आल्या, त्यांना वाटलं कार्पल टनल (मनगटात नस दबणं). तपासताना मला पाय पण वेगळे वाटले, डॉक्टरला फोन केला, मानेतलं निघालं. पण बघ, ते मी तपासताना सापडलं, रेफरलच्या कागदावर "हात, आठवड्याला २ वेळा" एवढंच होतं.

---

डॅलसकर | बुधवार, रात्री ९:४४

म्हणजे मी म्हटलं तेच, कागदाला काही अर्थ नाही.

---

नागपुरी_ओटी | बुधवार, रात्री ९:५८

भाऊ मी ते नाही म्हटलं. डॉक्टर फोनच्या दुसऱ्या टोकाला असणं याला अर्थ आहे. तो टोकाला आहे हे दाखवायला तीन आठवडे थांबायला लावणं याला नाही.

चिंचगुळ, आता तुझं काम. तीन आठवडे थांबू नकोस. (१) त्याच पेडिॲट्रिशियनच्या ऑफिसात नर्स प्रॅक्टिशनर किंवा पीए असेल, त्यांचा रेफरल चालतो, डॉक्टरचीच सही हवी असं नाही. पोर्टलवरून मेसेज टाक, पुण्याचा रिपोर्ट जोड. तो रिपोर्ट रेफरल म्हणून नाही चालला तरी माहिती म्हणून सोन्यासारखा आहे. (२) टेक्सासमध्ये तोंडी रेफरलही चालतो, म्हणजे त्यांनी क्लिनिकला फोन केला तरी सुरू करता येतं, लेखी सही मागून आणावी लागते. सगळी क्लिनिक्स तोंडी घेत नाहीत, ती त्यांची पॉलिसी, पण विचार. (३) तपासणी आत्ताच उरकून घे, तिला रेफरल लागत नाही, फक्त इन्शुरन्स तपासणीचे पैसे रेफरलशिवाय देतं का ते आधी विचार.

---

मिनू_कोथरूड | गुरुवार, सकाळी ८:३०

मी पुण्यात ओटी आहे. हे सगळं वाचून चक्रावले. आमच्याकडे आया मुलाला घेऊन थेट सेंटरवर येतात, बहुतेक वेळा शाळेच्या बाईंनी किंवा शेजारणीने पाठवलेलं असतं! आमची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद, कायदा २००२ चा. वर आता केंद्राचा २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा कायदाही आलाय, त्यातही ओटी आहे. पण आलेल्या आईकडे मी कधी चिठ्ठी मागितलेली नाही. उलट आमची अडचण दुसरी, लोकांना ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटर वाटतं. परवा एक आजोबा म्हणाले नातवाचं ओटीत काय करणार, भूल देणार का.

अवांतर: अमेरिकेचं निघालंच आहे म्हणून, आपल्याकडे ओटी आणली ती मूळच्या अमेरिकन बाईंनीच. कमला निंबकर, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांशी लग्न करून इथे आल्या आणि १९५० मध्ये मुंबईत केईएमला ओटीचं ट्रेनिंग स्कूल काढलं, देशातलं पहिलं. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला त्यांचंच नाव आहे. १९५२ ला ओटीची जागतिक संघटना झाली तेव्हा भारत संस्थापक देशांत होता.

---

सुमी_ब्रूकलिन | गुरुवार, सकाळी ८:५५

अरे वा, फलटणची शाळा माहीत होती, नावामागच्या बाई माहीत नव्हत्या!

मिनू, मग तू तिथून व्हिडिओवर इथल्या मुलांना का नाही बघत? माझ्या दोन मैत्रिणी विचारत होत्या, पुण्याच्या फीमध्ये आणि मराठीत.

---

मिनू_कोथरूड | गुरुवार, सकाळी ९:२०

विचारतात बरेच जण, मी नाही म्हणते. आईशी गप्पा मारून काय करून बघता येईल ते सांगणं वेगळं, थेरपी म्हणून देणं वेगळं.

---

नागपुरी_ओटी | गुरुवार, सकाळी ९:३२

बरोबर करतेस. टेलिहेल्थला पेशंट जिथे बसलाय त्या स्टेटचा कायदा लागतो. मी ह्यूस्टनमधून ब्रूकलिनच्या मुलाला बघायचं तर मलाही तिथला अधिकार हवा आणि तिथले रेफरलचे नियम पाळायचे. ओटी कॉम्पॅक्ट म्हणून स्टेट्सनी आपापसात करार केलाय, त्याने लायसन्सची कटकट कमी होईल, पण रेफरलचा नियम पेशंटच्या स्टेटचाच राहणार.

---

पुदिना | गुरुवार, सकाळी १०:१०

माझी पुतणी दीड वर्षाची आहे, बसते पण हात टेकत नाही नीट, डॉक्टर म्हणतात थांबून बघू. तिच्या आईला या रेफरलच्या चक्रात पडायची भीती वाटतेय. ऑस्टिनला असतात.

---

सुमी_ब्रूकलिन | गुरुवार, सकाळी १०:२५

पुदिना थांबू नका!! तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन असतं, टेक्सासमध्ये त्याला ईसीआय म्हणतात. तिथे आई स्वतः फोन करून रेफर करू शकते, शेजारी पण करू शकतो. रेफरल मिळाल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन पहिली मीटिंग व्हायला हवी असा फेडरल नियम आहे. पुढे थेरपीच्या वेळी डॉक्टरचा कागद लागला तर तो प्रोग्रॅमवाले मागवायला मदत करतात. डॉक्टर थांबू म्हणाले तरी तुम्ही फोन करू शकता, त्यांचा अपमान होत नाही त्यात.

---

पुदिना | गुरुवार, सकाळी १०:३१

खूप धन्यवाद, आत्ताच वहिनीला लिंक पाठवली. वर एनओसीचा विनोद केला तेव्हा हे विचारायचं धाडस होत नव्हतं.

---

चिंचगुळ | पुढचा बुधवार, रात्री १०:५०

अपडेट. पोर्टलवर मेसेज टाकला, दुसऱ्या दिवशी नर्स प्रॅक्टिशनरचा फोन, दहा मिनिटं व्हिडिओवर लेकाला बघितलं, पुण्याचा रिपोर्ट वाचून म्हणाली हा कुणी लिहिलाय, फार छान आहे. तिने त्याच दिवशी रेफरल फॅक्स केला. क्लिनिक म्हणे आला नाही. पुन्हा केला. आला नाही. तिसऱ्यांदा कळलं की त्यांच्या फॅक्समधला कागद संपला होता. दरम्यान इन्शुरन्सला विचारलं तर वर्षाला ठरावीक व्हिजिट आणि त्यासाठी वेगळं ऑथरायझेशन, म्हणजे बिलिंगवाले म्हणाले तस्संच, चारातला चौथा शब्द. ते यायला पाच दिवस गेले.

आज पहिलं सेशन झालं. थेरपिस्टने शर्ट बाजूलाच ठेवला, आधी पिठाच्या गोळ्यात लपवलेली बटणं शोधायला लावली. घरी येऊन पठ्ठ्याने माझी भिजवलेली कणीक घेतली आणि माझ्या जुन्या ब्लाउजची चार बटणं तोडून आत घातली. पोळ्या उशिरा झाल्या. आणि हो, नवऱ्याला सांगितलं की कायरोप्रॅक्टर कायद्यात नावानिशी आहे. तेव्हापासून घरात फार मिजाशीत फिरतोय.

---

खडूस_काका | पुढचा गुरुवार, सकाळी ६:४०

माझं पण सुरू झालं सोमवारपासून. अंगठ्याला स्प्लिंट दिलाय. झाकण अजून सौ.च उघडते.